रीजन्सी काळातील मराठी कादंबरी : खानदेशात वाचक कसा मिळवावा?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

नमस्कार. माझी पहिली कादंबरी दोन महिन्यांपूर्वी पुण्यातील एका लहान प्रकाशनसंस्थेकडून प्रसिद्ध झाली. येथे जाहिरात करण्याचा हेतू नसल्यामुळे पुस्तकाचे आणि प्रकाशकाचे नाव देत नाही; मात्र प्रश्न समजण्यासाठी कथेविषयी थोडे सांगावे लागेल.

कथा १८१५ ते १८१७ या काळात इंग्लंडमधील बाथ या शहरात घडते. राजा तिसरा जॉर्ज मनोविकारामुळे राज्यकारभार पाहू शकत नव्हता, म्हणून ५ फेब्रुवारी १८११ पासून त्याचा थोरला मुलगा राजप्रतिनिधी या नात्याने कारभार पाहू लागला आणि २९ जानेवारी १८२० रोजी राजाचे निधन होईपर्यंत ती व्यवस्था चालू राहिली. या नऊ वर्षांना रीजन्सी म्हणतात, आणि त्या काळातील खानदानी समाजात घडणाऱ्या प्रेमकथांचा इंग्रजीत एक स्वतंत्र प्रकारच रूढ आहे. माझी नायिका वीस वर्षांची, आईवडील नसलेली आणि नावावर पाच हजार पौंड असलेली मुलगी आहे. एकवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत तिच्या लग्नाला हरकत घेण्याचा अधिकार पालक म्हणून तिच्या काकाला आहे, आणि पैशाचा हिशेबही त्याच्याच हातात आहे. नायक हा वॉटर्लूच्या लढाईनंतर अर्ध्या पगारावर घरी बसवलेला लष्करी अधिकारी आहे. दोघांची पहिली भेट १८१६ च्या उन्हाळ्यात होते. खरे तर त्या वर्षी तिकडे उन्हाळा आलाच नव्हता, कारण आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातील तांबोरा या ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता आणि त्याच्या परिणामामुळे युरोपात ऐन जून-जुलैत थंडी पडून पिके हातची गेली होती. या पार्श्वभूमीचा अभ्यास करण्यात माझी तीन वर्षे गेली.

आता अडचण सांगते. पुस्तकाच्या ५०० प्रती छापल्या आणि करारानुसार त्यांपैकी ३०० मी निम्म्या किमतीत घेतल्या. छापील किंमत ३२० रुपये आहे, म्हणजे माझे ४८,००० रुपये त्यात अडकलेले आहेत. प्रकाशकांनी समाजमाध्यमावर एकदा मुखपृष्ठ टाकले. त्यानंतर फोन केला की, ‘पुस्तक चांगले असेल तर आपोआप खपते,’ असे उत्तर मिळते. मी माझ्या परीने व्हॉट्सॲपच्या सगळ्या गटांवर निरोप पाठवला, तेव्हा २१४ जणांनी अभिनंदन केले, फुलांचे गुच्छ आणि जोडलेले हात पाठवले, आणि अकरा जणांनी पुस्तक विकत घेतले. उरलेले गठ्ठे पुढच्या खोलीत भिंतीला लावून ठेवले आहेत. सासूबाई त्यांवर परात ठेवून मेथी निवडतात. परवा त्यांनी वरच्या प्रतीवरची माती पदराने पुसली, मुखपृष्ठ डोळ्यांजवळ नेले आणि विचारले, ‘हाई रीजन्सी काय शे माय?’ मुखपृष्ठावर मेणबत्त्यांचे झुंबर आणि पाठमोरी उभी असलेली झग्यातील स्त्री आहे, आणि खाली ‘एक रीजन्सी प्रेमकथा’ असे छापलेले आहे. सासूबाईंना मी पाच मिनिटे उत्तर दिले, पण ते त्यांना पटले असे वाटत नाही. येथील एका दुकानदाराने तर पुस्तक उलटसुलट करून, ‘मूळ लेखक कोण?’ असे विचारले आणि भाषांतर चालत नाही म्हणून परत दिले.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. प्रकाशन समारंभ करावा काय, कारण सभागृह, चहापाणी, शाल-श्रीफळ आणि पाहुण्यांचा प्रवास धरून खर्च पंचवीस हजारांच्या खाली येत नाही? ऑनलाइन जाहिरातीवर पैसे घालावेत काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जळगाव, धुळे आणि नंदुरबार या आपल्या तीन जिल्ह्यांत अशा कादंबरीचा वाचक आहे काय, आणि असल्यास तो कोठे भेटतो?


जुना ग्रंथपाल (जळगाव)

ताई, अभिनंदन करून थांबणाऱ्या २१४ जणांत माझी भर नको, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

तुमच्या सासूबाईंनी विचारलेला प्रश्न हाच तुमच्या प्रसिद्धीचा प्रश्न आहे. मी एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलावर अठ्ठावीस वर्षे बसलो. नवे पुस्तक हातात घेतल्यावर वाचक, विशेषतः दुपारी तीन ते पाच या वेळेत येणाऱ्या भगिनी, दोनच गोष्टी विचारतात : ‘कशावर आहे?’ आणि ‘रडकं आहे का?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर ग्रंथपालाला एका वाक्यात देता आले पाहिजे. ते लांबले तर मागचा माणूस कार्ड पुढे सरकवतो आणि पुस्तक पुन्हा कपाटात जाते. ‘रीजन्सी’ या शब्दाने ते उत्तर होत नाही. तुम्ही स्वतः वर जे लिहिले आहे त्यातच ते आहे : पोरीच्या नावावर पैसा आहे, म्हणून काका तिचे लग्न होऊ देत नाही. हे वाक्य ऐकल्यावर रावेरपासून नवापूरपर्यंत कोणालाही ज्वालामुखी किंवा राजप्रतिनिधी समजावून सांगावा लागणार नाही, कारण भाऊबंदकी, सामाईक शेत आणि अनाथ पुतणीचा वाटा ही आपल्याकडे प्रत्येक घरी ऐकलेली गोष्ट आहे.

दुसरे असे की, बाथमधील त्या नृत्यसभांना तुम्ही कादंबरीत काय म्हटले आहे ते मला माहीत नाही, परंतु तेथे समारंभप्रमुख नावाचा एक पदाधिकारी असे आणि त्याने रीतसर ओळख करून दिल्याशिवाय अनोळखी पुरुषाला मुलीबरोबर नाचता येत नसे, हे मी वाचलेले आहे. आपल्याकडच्या समाजाच्या वधूवर परिचय मेळाव्यात माईक हातात धरून उभा असलेला आणि दोन्ही घरची शेती, नोकरी व गोत्र तोंडपाठ असलेला कार्यकर्ता डोळ्यांसमोर आणा. फरक इतकाच की तेथे वाद्ये वाजत असत आणि आपल्याकडे जेवणाच्या पंगतीची घोषणा होते. वाचकांसमोर बोलताना तुम्ही ही तुलना केली तर सभागृह हसेल, आणि हसलेला माणूस पुस्तक हातात घेतो. हा शब्दांचा खेळ आहे असे मी मानत नाही. त्या काळातील इंग्रज मुलीच्या लग्नात घराणे, पैसा, मध्यस्थ आणि लोक काय म्हणतील हे चार खांब होते आणि आपल्याकडे ते अद्याप उभे आहेत.

आता वाचनालयांविषयी. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार शासनमान्य वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि त्या वर्गाप्रमाणे त्यांना अनुदान मिळते. अनुदानातील ग्रंथखरेदीचा हिशेब ३१ मार्चच्या आत पूर्ण करावा लागतो, म्हणून फेब्रुवारी आणि मार्च हे दोन महिने तुमच्यासाठी सोन्यासारखे आहेत. अ वर्गाच्या वाचनालयांपासून सुरुवात करा. जळगावचे १८७७ पासूनचे व. वा. वाचनालय आणि धुळ्याचे गरुड वाचनालय ही नावे तुम्हाला माहीत असतीलच, परंतु तालुक्याच्या वाचनालयांना कमी लेखू नका, कारण तेथे एक प्रत वर्षभरात तीस-तीस घरी फिरते. ग्रंथपालाला भेटायला जाताना एक प्रत, किंमत आणि सवलत लिहिलेले पत्र आणि वर सांगितलेले एक वाक्य एवढेच न्या. तसेच ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य ग्रंथयादीसाठी पुस्तक पाठवले आहे काय, हे प्रकाशकाला लेखी विचारा. यादीत आलेले पुस्तक घेताना वाचनालयाच्या समितीला कोणाला उत्तर द्यावे लागत नाही.

एक शेवटची सूचना आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, आणि झोके व गाणी झाल्यावर दुपारी त्यांच्या हाताशी निवांत वेळ असतो, जो सासरी मिळत नाही. आमच्या वाचनालयात चैत्र-वैशाखात कादंबऱ्यांची देवघेव दुप्पट होत असे आणि त्या कार्डांवर बहुतेक वेळा वडिलांचे नाव असे, वाचणारी मात्र मुलगी असे. तुमचे पुस्तक आखाजीच्या आधी कपाटात पोहोचले पाहिजे.


पुस्तकवाला (धुळे)

ग्रंथपाल आबांनी वाचनालयाचे सांगितले, मी दुकानाचे सांगतो. मी चौदा वर्षे पुस्तके विकतो आहे आणि नवोदित लेखकांच्या पुस्तकांचे माझ्याकडे एक स्वतंत्र कपाट आहे, त्यामुळे जरा कडू लिहिले तर ताईंनी राग मानू नये.

दुकानदाराने ‘मूळ लेखक कोण?’ असे विचारले, यात त्याची चूक नाही. झुंबर, झगा आणि इंग्रजी शब्द पाहिल्यावर माझा मुलगासुद्धा ते पुस्तक भाषांतरांच्या रांगेत लावील आणि तेथे ते जगप्रसिद्ध नावांच्या शेजारी हरवून जाईल. मुखपृष्ठ पुन्हा छापणे आता परवडणारे नाही. तेव्हा दोन बोटे रुंदीची एक चिकटपट्टी छापून घ्या, तिच्यावर ‘मूळ मराठी कादंबरी’ एवढेच ठळक अक्षरांत लिहा आणि प्रत्येक प्रतीच्या उजव्या कोपऱ्यात लावा. तीनशे पट्ट्यांचा खर्च तुमच्या समारंभातील एका हाराइतकासुद्धा होणार नाही.

व्यवहार समजून घ्या. आमच्यासारखा दुकानदार नव्या लेखकाची प्रत रोख घेत नाही. तो विक्रीनंतर पैसे या बोलीवर ठेवून घेतो आणि छापील किमतीवर मी स्वतः ३५ टक्के कापतो. ३२० रुपयांच्या प्रतीत माझे ११२ जातात, तुम्हाला २०८ मिळतात, तुमची खरेदी १६० ची, म्हणजे एका प्रतीमागे तुमच्या हाती ४८ रुपये उरतात. त्यात चाळीसगावहून धुळ्याचे भाडे आले. या हिशेबात पंचवीस हजारांचा समारंभ बसवून पाहा. पाचशेहून अधिक प्रती दुकानातून विकल्या तर त्याचा खर्च निघतो, आणि तुमच्याकडे तेवढ्या प्रतीच नाहीत. मी अनेक प्रकाशन समारंभांत टेबल मांडून बसलो आहे. तीन पाहुण्यांची भाषणे होतात, त्यांतील दोघांनी पुस्तक आदल्या रात्री चाळलेले असते. शाल पांघरली जाते, छायाचित्रे निघतात, आणि लोक घाईघाईने अल्पोपाहाराकडे वळतात. माझ्या टेबलावर सहा, फार तर आठ प्रती जातात. करायचेच असेल तर थंडी आहे तोवर घरच्या अंगणात भरीत-पुरीचा बेत करा, खरोखर वाचणारी पंधरा माणसे बोलवा आणि कादंबरीतील चार पाने स्वतः वाचून दाखवा.

‘सप्रेम भेट’ हा शिक्का घरात असेल तर तो कुलूपबंद करा. आपल्याकडे लेखकाच्या ओळखीचा प्रत्येक माणूस पुस्तक फुकट मिळावे अशी अपेक्षा करतो, आणि भेट मिळालेली प्रत बहुधा दिवाणखान्यातल्या कपाटात काचेमागे उभी राहते. मला ती पुढे रद्दीत भेटते, तेव्हा पहिल्या पानावर लेखकाची सही तशीच असते. वाचनाची भूक असलेल्या पाच-सात माणसांना अवश्य भेट द्या, पण ती माणसे नात्यावरून निवडू नका.

एक सांगायचे राहिले. गठ्ठे पत्र्याच्या खोलीत असतील तर होळीच्या आत हलवा. शिवण नसलेल्या, नुसत्या गोंदाने चिकटवलेल्या बांधणीचा आपल्याकडच्या उन्हाळ्यात टिकाव लागत नाही. पाठीचा गोंद सुटतो आणि वाचकाच्या मांडीवर पाने पडतात. असे एक पुस्तक परत आले की पुढच्या दहा प्रती दुकानदार काढून ठेवतो. गठ्ठे जमिनीपासून वर फळीवर ठेवा, नाहीतर पावसाळ्यात वाळवी तुमच्या आधी वाचून संपवील.


बोरीकाठ (अमळनेर)

मी महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकवतो. वरील दोन्ही उत्तरे अनुभवाची आहेत, परंतु ‘रीजन्सी’ हा शब्दच टाकून द्यावा या ग्रंथपालसाहेबांच्या मताशी मी पूर्णपणे सहमत नाही.

वाचनालयाच्या टेबलावर तो शब्द निरुपयोगी असेल, मोबाईलवर मात्र तोच कामाचा आहे. आमच्या वर्गातील मुली या काळावरच्या मालिका रात्र रात्र जागून पाहतात आणि तसलेच काही मराठीत मिळते का म्हणून शोधतात तेव्हा हाच शब्द लिहितात. जॉर्जेट हेयर यांच्या १९३५ पासूनच्या कादंबऱ्यांनी हा प्रकार इंग्रजीत रुजवला. मराठीत त्याचा वाचक थोडा आहे, पण जो आहे तो या एकाच शब्दाने सापडतो. तेव्हा छापील प्रतीवर पट्टी लावा, आणि ऑनलाइन वर्णनात ‘रीजन्सी’, ‘ऐतिहासिक प्रेमकथा’, ‘इंग्लंड’ हे शब्द ठेवा. पैसे देऊन जाहिरात करण्याआधी पहिली तीन प्रकरणे ‘प्रतिलिपी’ या ऑनलाइन वाचनमंचासारख्या ठिकाणी क्रमशः द्या, कारण तेथे प्रेमकथा वाचणारा मराठी वाचक आधीपासून जमलेला आहे. चौथ्या प्रकरणाच्या तोंडाशी थांबा. ई-पुस्तक आणि श्राव्य पुस्तक यांचाही विचार करावा, मात्र त्याआधी करारपत्र काढून वाचा. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते, कोणते हक्क दिले ते त्यात नमूद असावे लागते, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. करारात केवळ छापील आवृत्तीचा उल्लेख असेल तर उरलेले हक्क तुमच्याकडेच आहेत. तीन प्रकरणे ऑनलाइन देण्यापूर्वीसुद्धा हे पाहिलेले बरे. ॲमेझॉनवर नातेवाइकांकडून पाच-पाच तारे लिहून घेऊ नका, कारण जवळच्या माणसांची परीक्षणे त्यांच्या नियमात बसत नाहीत आणि काढून टाकली जातात.

स्वखर्चाने प्रती घेतल्याचा संकोच तुमच्या लेखनात जाणवला, म्हणून एक गोष्ट सांगतो. १८११ मध्ये, म्हणजे रीजन्सीच्या पहिल्याच वर्षी, जेन ऑस्टेन यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा छपाईचा खर्च आणि तोट्याची जोखीम लेखिकेची व प्रकाशकाला विक्रीवर कमिशन असाच करार होता. मुखपृष्ठावर नावही नव्हते, ‘एका स्त्रीने लिहिलेली’ एवढीच ओळख होती. तीन खंडांची किंमत १५ शिलिंग, म्हणजे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची, त्यामुळे वाचक वर्गणी भरून वाचनालयातून एकेक खंड घरी नेत. पहिली आवृत्ती संपायला १८१३ चा जुलै उजाडला आणि लेखिकेच्या हाती १४० पौंड पडले. तुम्ही ज्या काळाविषयी लिहिले आहे त्या काळातल्या कादंबऱ्यासुद्धा वाचनालयांनीच जगवल्या, एवढे ग्रंथपालसाहेबांच्या बाजूने मान्य करतो.

माझी स्वतःची सूचना मात्र वेगळी आहे. बाथमध्ये तुमची नायिका नृत्यसभेला जात होती त्याच वर्षांत खानदेशात पेंढाऱ्यांच्या धाडी चालू होत्या. जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख सोडला. फेब्रुवारीत थाळनेरच्या किल्ल्यावर सर टॉमस हिस्लॉप यांच्या फौजेने हल्ला केला आणि किल्लेदाराला फाशी दिले. जूनमध्ये दुसरे बाजीराव अशीरगडाजवळ इंग्रजांच्या स्वाधीन झाले आणि कॅप्टन ब्रिग्ज खानदेशचा कारभार पाहू लागले. लंडनमध्ये वॉल्ट्झ हे नृत्य सभ्य की असभ्य यावर वर्तमानपत्रे १८१६ मध्ये रकाने भरत होती, आणि दोन वर्षांनी त्याच सत्तेच्या तोफा तापीकाठी होत्या. हा विरोधाभास घेऊन तुम्ही रविवारच्या पुरवणीसाठी एक चांगला लेख लिहावा आणि खाली ओळखीत कादंबरीचा उल्लेख करावा. लेख छापून आला की इतिहास आणि इंग्रजी या दोन्ही विभागांत तुमचे व्याख्यान ठेवता येईल, आणि महाविद्यालयाचे ग्रंथालय निदान दोन प्रती घेईल.


मनगटी (शिरपूर)

मी केवळ वाचक आहे, आमच्या भिशीतल्या बारा जणी मिळून महिन्याला दोन पुस्तके घेतो आणि फिरवतो.

प्राध्यापक सरांचा लेख मी आवडीने वाचीन, परंतु त्या लेखाच्या टोकाला प्रेमकथा लटकवू नये असे मला वाटते. थाळनेर आमच्याच तालुक्यात आहे. तेथल्या किल्लेदाराचे नाव वाचून मी पुस्तक मागवले आणि आत बाथच्या मेणबत्त्या निघाल्या, तर मला फसवल्यासारखे वाटेल, आणि माझे मत बाकीच्या अकरा जणींना त्याच दिवशी कळेल. ताईंच्या कादंबरीत खानदेश नाही. लेख लिहावा, व्याख्यान द्यावे, पण पुस्तक जे आहे तेच म्हणून विकावे.

आणि एका गोष्टीचे मला आश्चर्य वाटले की येथे कोणीच ती बोलून दाखवली नाही. ताई, तुम्ही सहज लिहून गेलात की त्या वर्षी तिकडे उन्हाळा आलाच नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांवर असतो, दुपारी दार उघडले की चेहऱ्याला भट्टीची झळ लागते, कूलरच्या टाकीत तासातासाला पाणी ओतावे लागते. अशा दुपारी ‘ज्या वर्षी उन्हाळा आलाच नाही, त्या वर्षीची प्रेमकथा’ असे कोणी माझ्यासमोर धरले, तर काका, पौंड आणि झुंबर यांतले काहीही न विचारता मी ते पुस्तक घेईन. ही कथा कूलरसमोर पाय टाकून वाचायची आहे, हे मला त्या एका ओळीत समजले. ती ओळ मुखपृष्ठावर का नाही?


गिरणाकाठ (चाळीसगाव)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण काही करून पाहिल्याशिवाय उत्तर देणे योग्य वाटले नाही.

समारंभ रद्द केला. मनगटीताईंची ओळ वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते, कारण ती मलपृष्ठावरील मजकुराच्या चौथ्या परिच्छेदात, ज्वालामुखीच्या माहितीखाली गाडलेली होती आणि मी ती स्वतःच तेथे घातली होती. पट्टी छापून घेतली : वर ‘मूळ मराठी कादंबरी’, खाली ‘ज्या वर्षी उन्हाळा आलाच नाही…’. तीनशेपैकी ज्या प्रती शिल्लक आहेत त्यांवर ती लावण्याचे काम सासूबाई आणि मी दोन संध्याकाळी केले. त्यांनी प्रत्येक पट्टी पापड थापावा तशी तळव्याने दाबून बसवली आणि मध्येच विचारले की उन्हाळा नाही तर त्या लोकांनी पापड-कुरडया कोठे वाळवल्या. पीकच बुडाले होते असे सांगितल्यावर त्या काही वेळ बोलल्या नाहीत, आणि मग, ‘पोरीचं पुढे काय झालं?’ असे विचारले. पहिल्या प्रकरणापासून मी आता त्यांना रोज रात्री थोडेथोडे वाचून दाखवते.

आतापर्यंत सात वाचनालयांत जाऊन आले. चार ठिकाणी प्रत्येकी दोन प्रती घेतल्या, एका ठिकाणी समितीसमोर ठेवतो म्हणाले, दोन ठिकाणी ग्रंथपाल भेटले नाहीत. काकाचे वाक्य मी पाठ केले होते. पाचोऱ्याकडच्या एका वाचनालयात ते म्हणून होताच टेबलाशी उभ्या असलेल्या बाईंनी, ‘आमच्या नणंदेचं अगदी असंच झालं,’ असे म्हणून ग्रंथपालांच्या आधी पुस्तक हातात घेतले आणि नोंद होण्यापूर्वीच घरी नेण्याची परवानगी मागितली. करारपत्र वाचले, त्यात फक्त छापील आवृत्तीचा उल्लेख आहे, म्हणून पहिली तीन प्रकरणे ऑनलाइन देण्याचे ठरवले आहे आणि तसे प्रकाशकांना पत्राने कळवले आहे. शासनमान्य यादीविषयीही त्याच पत्रात विचारले आहे. थाळनेरवरचा लेख मी लिहिणार आहे, मात्र त्याच्याखाली माझ्या नावापलीकडे काही छापू नये अशी विनंती करीन.

पुस्तकवालाभाऊ, अजून अडीचशेहून अधिक प्रती माझ्याकडे आहेत आणि त्या पत्र्याच्या खोलीतून आतल्या खोलीत फळीवर नेल्या आहेत. आपल्या दुकानात काही ठेवता येतील काय?


पुस्तकवाला (धुळे)

वीस पाठवा. चलन दोन प्रतींत करा आणि त्यावर किंमत, सवलत व परत घेण्याची तारीख लिहा, म्हणजे नंतर तुमचा-माझा वाद नको. गठ्ठा दोरीने आवळून बांधू नका, कडा कापल्या जातात. चारही बाजूंना पुठ्ठा घालून पाठवा. पट्टी लावलेली एक प्रत मी गल्ल्याशेजारी उभी ठेवीन, कपाटात नाही. होळी झाली की धुळ्यात ऊन चढू लागते, तेव्हा त्याआधी पोहोचू द्या.


मनगटी (शिरपूर)

आमच्या भिशीसाठी दोन प्रती धुळ्याच्या वीस प्रतींतूनच घेऊ, वेगळ्या पाठवू नका. पैसे दुकानात रोख देऊ.